किती सालचं मॉडेल घेऊ?

पत्र

नमस्कार. मी ५१ वर्षांची, मूळची सांगलीची. गेली बावीस वर्षं नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला राहते. बाबांच्या प्रीमियर पद्मिनीवर गाडी शिकले, गिअर स्टिअरिंगला असायचा तो काळ. धाकटा ऑगस्टमध्ये कॉलेजला गेला आणि गॅरेजमधली एक जागा रिकामी झाली. मला पोर्शे बॉक्सटर घ्यायची आहे, ती दोन सीटची, टप उघडणारी. जुनी, हाताच्या गिअरची. बजेट २५ हजार डॉलर, सगळं धरून. तीन गाड्या हेरून ठेवल्यात. २००३ची बॉक्सटर एस (म्हणजे जास्त ताकदीची), चाललीय फक्त ३१ हजार मैल, मागतायत १६ हजार. २००५ची एस, ६४ हजार मैल, साडेसतरा हजार. आणि २००९ची साधी बॉक्सटर, ८८ हजार मैल, २२ हजार. मुलगा म्हणतो, २००५ किंवा पुढची कुठलीही घे, त्यांत तो बेअरिंगचा प्रॉब्लेम नाही. ऑफिसातला एक जण म्हणतो, साल सोड, मैल कमी बघ. आमचे हे म्हणतात, पांढरा हत्ती आहे, आणि सामान कुठे ठेवणार? किती सालची घेऊ, तेवढं सांगा.

– गॅरेजमधली रिकामी जागा

उत्तर

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. २००९ची घ्या, तपासणीत पास झाली तर. २००३ची घेतलीत तरी चालेल, पण पाच-सहा हजार डॉलर वेगळे काढून ठेवा आणि मगच. २००५ची तिघींत सगळ्यात बेभरवशाची, आणि तुमचा मुलगा नेमका तिच्याच भरवशावर बोलतोय.

आपल्याकडे जुनी गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती सालचं मॉडेल?’ त्यामागे हिशेब वयाचा असतो. जितकं नवं तितकं बरं, आणि तितकं महाग. बॉक्सटरच्या बाबतीत साल म्हणजे आत कुठलं इंजिन बसलंय त्याचा पत्ता आहे, आणि हा पत्ता अधूनमधून एखादी बिल्डिंग चुकतो. म्हणून निव्वळ सालावर जाऊ नका, साल कशाकडे बोट दाखवतंय ते बघा.

आपली दुसरी सवय म्हणजे बॉनेट उघडून बघायची. बरोबर एखादा जाणकार मामा न्यायचा, तो वाकून बघणार, एक वायर हलवणार आणि ‘इंजिन चांगलं आहे’ म्हणणार. बॉक्सटरचं बॉनेट उघडलंत तर आत रिकामी डिकी दिसेल. मागचं झाकण उघडलंत तर तिथेही डिकी, आणि कोपऱ्यात ऑइल आणि कूलंट ओतायची दोन झाकणं. इंजिन असतं सीटांच्या मागे, टपाखाली दडवलेलं. ते बघायला टप अर्धवट उघडून ठेवून वरचं झाकण काढावं लागतं, नाहीतर गाडी लिफ्टवर चढवून खालून बघावं लागतं. म्हणजे मामा इथे उपयोगाचा नाही, मेकॅनिकच हवा. त्याच्याकडे पुढे येतो.

आता इंजिनाचा वंश. बॉक्सटर विकायला आली १९९६ साली, अमेरिकेत १९९७चं मॉडेल म्हणून, अडीच लिटरचं इंजिन घेऊन. २०००च्या मॉडेलपासून साध्या गाडीला २.७ लिटर, आणि ३.२ लिटरची एस वेगळी निघाली. २००३ला टपाची मागची प्लॅस्टिकची खिडकी जाऊन काचेची आली. ही सुधारणा छोटी वाटते, पण पिवळ्या पडलेल्या, तडकलेल्या प्लॅस्टिकमधून ज्याने मागे बघितलंय त्याला तिची किंमत कळते. २००५ला अंगाने नवी गाडी आली. इंजिन मात्र खऱ्या अर्थाने बदललं ते २००९च्या मॉडेलला. तुमच्या यादीतल्या पहिल्या दोघी या रेषेच्या अलीकडे आहेत, तिसरी पलीकडे.

रेषेच्या अलीकडच्या सगळ्या इंजिनांत एक मधला शाफ्ट असतो. पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँकशाफ्ट साखळीने या मधल्या शाफ्टला फिरवतो आणि तो पुढे साखळ्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टना. या शाफ्टचं गिअरबॉक्सकडचं टोक एका बेअरिंगवर टेकलेलं असतं, तेच ते ‘आयएमएस (इंटरमीडिएट शाफ्ट) बेअरिंग’. सायकलच्या हबमध्ये छर्रे असतात ना, तसेच छर्रे, फक्त दोन्ही बाजूंनी सील केलेले आणि आत ग्रीस. गडबड अशी की वर्षानुवर्षं गरम ऑइलमध्ये राहून सील कडक होतं, ऑइल थोडंथोडं आत शिरतं आणि ग्रीस धुऊन नेतं. आत शिरलेलं ऑइल मात्र तिथेच साचून राहतं, नवं ऑइल तिथवर पोचत नाही. छर्रे त्या शिळ्या ऑइलवर फिरत राहतात. एके दिवशी बेअरिंग सुटतं, शाफ्ट डगमगतो, साखळीचं टायमिंग जातं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बिल बेअरिंगचं येत नाही, पूर्ण इंजिनाचं येतं, आणि ते गाडीच्या किमतीला भिडतं.

हे सगळ्या सालांत सारखं नव्हतं. सुरुवातीच्या गाड्यांत छर्‍यांच्या दोन ओळींचं बेअरिंग होतं, ते बरंच टिकाऊ निघालं. २०००-२००१च्या सुमारास एका ओळीचं बारीक बेअरिंग आलं आणि तक्रारींचा पूर तिथूनच आला. पुढे अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २०१३ साली तडजोड झाली. तिच्यात ४ मे २००१ ते २१ फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या बॉक्सटर आणि पोर्शेच्याच ९११ गाड्या धरल्या होत्या. त्या पैशांची मुदत केव्हाच संपली, तिच्यातून आता तुम्हाला काही मिळणार नाही. पण तारखा लक्षात ठेवा. एका ओळीचं बेअरिंग जाण्याचा, त्या दाव्याच्या निमित्ताने सांगितला जाणारा आकडा शंभरात आठ-दहाचा आहे, दोन ओळींच्या बेअरिंगचा शंभरात एकाच्याही खाली. म्हणजे नव्वद गाड्या सुखरूप चालल्या. इंटरनेटवर वाचलं तर वाटतं की प्रत्येक बॉक्सटर रस्त्याच्या कडेला धूर काढत उभी आहे, तसं नाही. पण आठ-दहाचा धोका घेऊन तुम्ही इंजिनभर पैसे पणाला लावणार का, हा प्रश्न उरतोच.

आता बघा २१ फेब्रुवारी २००५. तारीख वर्षाच्या पोटात आहे. २००५चं मॉडेल बनायला लागलं २००४च्या शरद ऋतूत, म्हणजे एकाच ‘२००५’ नावाखाली बारीक बेअरिंगच्या गाड्याही आहेत आणि नंतर आलेल्या जाड बेअरिंगच्याही. जाड बेअरिंग इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय बाहेर काढता येत नाही, पण ते क्वचितच जातं, त्यामुळे त्याला हात लावायचा नाही. बारीक असेल तर बदलायचं. तुमच्या गाडीत कुठलं आहे, हे बाहेरून कोणी छातीठोक सांगू शकत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर बनल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते बघा. पण त्याने फक्त अंदाज येतो, कारण ती तारीख गाडीची, इंजिनाची नव्हे. खात्री करायची तर गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील उतरवून शाफ्टच्या टोकाचा नट बघायचा. २२ मिलिमीटरचा जाड नट असेल तर जाड बेअरिंग. आणि कुठला विकणारा तुम्हाला गाडी बघायला आल्यावर गिअरबॉक्स उतरवू देईल?

एक वाट आहे. ६४ हजार मैलांत क्लच कधीतरी बदललेला असू शकतो. क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरतोच, आणि शहाणा मेकॅनिक तेव्हा तो नट बघून बिलावर नोंद करतो, हल्ली फोटोही काढतो. विकणाऱ्याला एकच विचारा: ‘क्लचचं बिल आहे का?’ असेल आणि त्यावर बेअरिंगची नोंद असेल, तर ही गाडी एकदम तुमच्या यादीत वर चढते, कारण २८० अश्वशक्तीची ती तिघींत दमदार आहे. ‘हो, काहीतरी केलं होतं बहुतेक’ असं उत्तर आलं, तर फोन ठेवा. मुलाला सांगा, त्याचं म्हणणं २००६पासून पुढे बरंचसं खरं आहे. २००५ला अर्धंच.

ऑफिसातल्या सद्गृहस्थांचं मैलांचं म्हणणं टोयोटाच्या कॅमरीला लागू पडतं. इथे जवळजवळ उलटं. या बेअरिंगचा अनुभव असलेले मेकॅनिक सांगतात की रोज पळणाऱ्या गाड्या टिकतात आणि शोभेला ठेवलेल्या जातात. इंजिन पूर्ण तापलं नाही तर ऑइलमधली वाफ निघून जात नाही, ओल आत राहते आणि बेअरिंग त्याच आंबलेल्या ऑइलात महिनोन्‌महिने बसून राहतं. २००३ची ३१ हजार मैल म्हणजे वीस वर्षांवर वर्षाला दीड हजार मैल. महिन्याला सव्वाशे. रविवारी दूध आणायला तरी काढली असेल का, शंका आहे. अशा गाडीचे रबरी भाग, टायर, कूलंटची टाकी हे मैलांनी झिजलेलं नसतं, वयाने खराब झालेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडी छाप असतो, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. नक्षी कितीही ताजी दिसो, ‘३११२’ दिसलं तर ते टायर २०१२च्या एकतिसाव्या आठवड्यातले आहेत आणि टाकून द्यायचे आहेत.

तर २००३चा हिशेब करू. १६ हजार गाडीचे. नवं बेअरिंग, त्याच खोलकामात क्लच आणि मागचं ऑइल सील, मिळून चारेक हजार. टायर, कूलंटची टाकी, इग्निशन कॉइल, ऑइल-हवा वेगळं करणारा डबा (तो फाटला की मागून पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि शेजारी फोन करायला धावतात), असं धरून आणखी दोन. झाले २२ हजार. म्हणजे २००९च्या किमतीला येऊन टेकलात! हाती आली २५८ अश्वशक्तीची जुन्या इंजिनाची एस. २००९ची साधी गाडी २५५ची आहे. तीन घोड्यांसाठी आणि बोनटावरच्या नव्हे, मागच्या डिकीवरच्या एका अक्षरासाठी कशाला?

२००९ला इंजिन नव्याने बांधलं, त्यात तो मधला शाफ्टच ठेवला नाही. बेअरिंगच नाही तर जायची भीतीही नाही. तुम्ही हेरलेली साधी २.९ लिटरची आहे, याचा मला वेगळा आनंद झाला. त्या सालच्या ३.४ लिटरच्या एसमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे हवेच्या व्हॉल्व्हवर काजळी साठू शकते आणि जास्त दाबाचा महागडा पंप सांभाळावा लागतो. २.९मध्ये जुन्या पद्धतीने पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, व्हॉल्व्ह आपोआप धुतले जातात. ताकद थोडी कमी, भानगडीही कमी. तुम्हाला ब्लू रिज पार्कवेच्या डोंगररस्त्यावर टप उघडून जायचंय ना, मग २५५ पुष्कळ झाले. (२००७-०८च्या ३.४ लिटरच्या एसबद्दल कोणी गळ घातली तर जपून. तिथे बेअरिंग जाड आहे, पण सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडायच्या तक्रारी आहेत. आत कॅमेरा घालून बघितल्याशिवाय घेऊ नये.)

साल खरंच २००९ आहे ना, हे चॅसी नंबरावरून बघा. सतरा चिन्हांतलं दहावं ‘९’ हवं. अकरावं ‘यू’ दिसलं तर गाडी फिनलंडमध्ये, उसिकाउपुंकी नावाच्या गावात बनली. ‘एस’ असेल तर स्टुटगार्टला. ‘जर्मनीची’ म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर हसा, फरक काही नाही.

आता मेकॅनिक. पोर्शेचं काम करणारा स्वतंत्र मेकॅनिक शोधा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. तीनशे ते पाचशे डॉलर घेईल, तेवढे देऊन टाका. त्याच्याकडून चार गोष्टी हक्काने करून घ्या. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून जास्त फेऱ्यांची नोंद काढायला सांगा. हाताच्या गिअरच्या गाडीत कोणी चौथ्याऐवजी दुसरा टाकला तर इंजिन मर्यादेबाहेर फिरतं, आणि ते केव्हा घडलं याची नोंद इंजिनाच्या तासांसकट राहते. सहा टप्पे असतात. पहिल्या-दुसऱ्यात थोड्या नोंदी असणारच, शेवटच्या दोन टप्प्यांत अलीकडच्या तासांची नोंद असेल तर मागे फिरा. त्याच कागदावर इंजिन एकूण किती तास चाललंय ते येतं. ८८ हजार मैलांना ताशी सरासरी ३५ धरली तर अडीच हजार तास होतात. कागदावर चार हजार दिसले, तर गाडीने आयुष्य ट्रॅफिकमध्ये काढलंय किंवा मैलांचा आकडा कोणीतरी धुतलाय. दोन्ही बाबतीत किंमत पुन्हा बोलायला हरकत नाही.

दुसरं, ऑइलचा फिल्टर कापून बघायला सांगा. तुमच्यासमोर कापला तर उत्तम. कागदाच्या निऱ्या असतात, साडीच्या निऱ्यांसारख्याच, त्या उलगडून उजेडात धरायच्या. काळं तेल दिसेल, त्याची चिंता नको. चमचमणारे कण दिसले तर त्यावर लोहचुंबक फिरवायचं. चिकटले, तर ते पोलादाचे आहेत, आणि पोलाद जिथून सुटलंय ती जागा शोधायचा खर्च तुमचा नसावा. २००३ किंवा २००५चा विचार झालाच, तर ही चाचणी त्यांना आधी.

तिसरं, समोरचा बंपर. दोन्ही बाजूंच्या तोंडांच्या आत रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर असतात, आणि झाडांची पानं तिथे जाऊन बसतात, सडतात, धातू खातात. कॅरीत झाडं कमी नाहीत. टॉर्च मारून बघितलं की कळतं, आणि साफ करणं तासाभराचं काम आहे, पण साफ केलेलं दिसलं तर समजा मालकाने गाडी प्रेमाने ठेवलीय.

चौथ्याबद्दल मी जरा लांबण लावतो, कारण मी स्वतः फसलोय. काही वर्षांपूर्वी एक जुनी टपाची गाडी घेतली होती. कुठल्या कंपनीची ते जाऊ द्या, चूक माझीच होती. साल मी पारखून घेतलं होतं, इंजिन उत्तम. टपाच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जायला बारीक भोकं असतात, ती ओकच्या पानांनी तुंबली होती आणि ते मी पाहिलंच नव्हतं. तीन दिवस पाऊस लागला, पाणी आतून उतरून सीटखालच्या गालिच्यात साचलं, आणि तिथेच गाडीच्या लॉकचा कॉम्प्युटर. रात्री दोन वाजता गाडीने आपणहून भोंगा सुरू केला. मी लुंगीवर पार्किंगमध्ये, हातात किल्ली, आणि किल्लीला गाडी जुमानत नाही. वरच्या मजल्यांवर एकेक दिवा लागत गेला. शेवटी बॅटरीची वायर सोडली तेव्हा शांत झाली. म्हणून सांगतो, दोन्ही सीटांखाली हात घालून गालिचा दाबून बघा. दमट लागला तर तिथेच थांबा. २००३च्या बॉक्सटरमध्येही लॉक आणि इमोबिलायझरची पेटी डाव्या सीटखालीच आहे, म्हणून हे तिच्या बाबतीत जास्त.

विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा की आम्ही यायच्या आत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर मागच्या झाकणावर हात ठेवून बघा, कोमट लागलं तर विचारा का म्हणून. थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले तीस सेकंद बरंच काही सांगतात. थोडी टिकटिक क्षणभर येऊन थांबली तर ठीक, साखळीसारखा खळखळाट राहिला तर नाही.

पैशांचं मात्र रोखठोक बोलू. २२ हजारांवर नॉर्थ कॅरोलिनाचा ३ टक्के कर ६६० डॉलर, तपासणीचे चारशे-पाचशे, रजिस्ट्रेशन. हाती उरले जेमतेम सतराशे. ८८ हजार मैलांच्या पोर्शेला पहिल्या वर्षात याहून जास्त लागू शकतं; एकटा क्लचच त्याहून पुढे जातो. तेव्हा किंमत साडेवीसवर आणा. सोबत तपासणीचा कागद असला की हे अवघड नसतं, आणि टपाची गाडी विकणारा डिसेंबर-जानेवारीत जितका मऊ असतो तितका एप्रिलमध्ये नसतो. नाही उतरला तर सोडा. २००९ ते २०१२ या चार सालांत हेच इंजिन आहे. गाड्या मंदीमुळे कमी बनल्या, थांबावं लागेल, पण ही शेवटची नाही.

पोर्शेचाच हट्ट नसता तर मी होंडाची एस२००० सुचवली असती. तिथेही सालाची गोष्ट आहेच, २०००-२००१च्या गाड्यांत चौथ्या सिलिंडरला ऑइल कमी पोचायचं. पण तुम्ही पत्रात ‘पोर्शे’ हा शब्द ज्या तोऱ्यात लिहिलाय, त्यावरून होंडाचं नाव काढण्यात अर्थ नाही.

आणि घरच्यांना सांगा, हत्ती पांढरा असला तरी डिक्या दोन आहेत. पुढची खोल आहे, विमानात वर ठेवायची बॅग तिच्यात उभी मावते. मागची उथळ, इंजिनाच्या शेजारची, तिथे ऊब लागते. आइस्क्रीम पुढे ठेवा.